वर्गणी, देणगी आणि खरेदी

चळवळीसाठी पैसे गोळा करायला बाहेर पडलेल्या प्रत्येकीला पावती पुस्तकाची ओळख असते. दार उघडणारी बाई आधी आपल्याकडे बघते, मग पुस्तकाकडे बघते, आणि विचारते, "कशासाठी?" दहा रुपयांच्या वर्गणीसाठी कधी कधी अर्धा तास बोलावं लागतं. आपण कोण, कुठल्या प्रश्नावर काम करतो, मागच्या वर्षीच्या पैशाचं काय झालं, हे सगळं सांगावं लागतं. काही वेळा दहा रुपये मिळत नाहीत, पण पुढच्या मोर्चाला ती बाई येते. या अंकाच्या निमित्ताने मला ज्या देणगीबद्दल बोलायचं आहे, तिच्यात "कशासाठी?" हा प्रश्न विचारायला कुणी दारात उभंच नसतं. ऑनलाइन दुकानातून साडी किंवा कुकर मागवावा, तशी राजकीय उमेदवाराला किंवा पक्षाला दिलेली ही देणगी आहे.

हा विषय सुरू होतो अमेरिकेत. तिथल्या निवडणुकांचा आणि आपल्या गटांचा काय संबंध, असं काही जणींना वाटेल. संबंध दोन आहेत. आपल्या कित्येकींच्या मुली, बहिणी, मैत्रिणी आज तिथे राहतात आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न रोजचा आहे. दुसरं म्हणजे तिथे जे दुकानाच्या पानावर सुरू झालं, ते मोबाइलवरून आपल्याकडेही आलं आहे. तेव्हा तिथे काय घडलं ते नीट समजून घेतलं पाहिजे.

इंटरनेटवरून राजकीय पैसा गोळा करता येतो, हे अमेरिकेत २००० साली ठळकपणे दिसलं. त्या वर्षी फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी जिंकल्यावर जॉन मॅकेन यांना काही दिवसांतच इंटरनेटवरून दहा लाखांहून अधिक डॉलर मिळाले. २००३ साली हॉवर्ड डीन यांनी छोट्या छोट्या देणग्यांच्या बळावर आपल्याच पक्षातल्या वजनदार उमेदवारांना घाम फोडला. मग जानेवारी २००४ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने आपल्या अमेरिकेतल्या संकेतस्थळावर एक नवं पान उघडलं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. जिथे पुस्तकं आणि खेळणी विकत मिळत होती, तिथेच आता उमेदवारांची यादी होती. नाव निवडायचं, ५ ते २०० डॉलरमधली रक्कम निवडायची, आणि दुकानाकडे आधीच नोंदवलेल्या कार्डावरून पैसे जायचे. पुढे २०१९ साली याच कंपनीने बोलक्या यंत्राचीही सोय जाहीर केली. स्वयंपाकघरात ठेवलेल्या अलेक्साला उमेदवाराचं नाव आणि रक्कम सांगायची, की देणगी रवाना. तिथेही मर्यादा २०० डॉलरचीच.

हा २०० चा आकडा लक्षात ठेवा. तिथल्या कायद्याप्रमाणे एका व्यक्तीने एका उमेदवाराला दिलेल्या रकमांची बेरीज २०० डॉलरच्या पुढे गेली, की तिचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि ती कुठे नोकरी करते, हे सगळं उमेदवाराला निवडणूक आयोगाकडे द्यावं लागतं. त्याच्या आत नावनिशी यादी द्यावी लागत नाही. आणखी एक नियम आहे. कंपन्यांनी उमेदवारांना थेट पैसे देण्यावर तिथे १९०७ पासून बंदी आहे. दुकानाने अशी सेवा फुकट पुरवली तर तीच कंपनीची देणगी ठरेल, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून घेतात तसा व्यवहाराचा आकार घ्यावा लागतो. देणगी उमेदवाराची आणि दलाली दुकानाची, असा हा कायदेशीर हिशोब आहे.

या सगळ्याला नाकं मुरडून बाजूला सारणं सोपं आहे. मला तसं करायचं नाही, कारण यात बायकांच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट घडली आहे. राजकारणाचा पैसा हा कायम पुरुषांच्या बैठकीचा विषय राहिला. हॉटेलातलं महागडं जेवण, क्लबातली भेट, बंद पाकीट, कारखानदाराचा फोन. या जागांवर बाई असली तरी ती चहा देणारी, नाहीतर कुणाची तरी पत्नी म्हणून. पाच डॉलर देण्यासाठी या दारातून आत जाण्याची गरज उरली नाही, ही साधी सुधारणा नव्हे. घरी मुलाला मांडीवर घेऊन बसलेली बाई कुणालाही न विचारता आपलं राजकीय मत पैशाने नोंदवू शकते.

कायद्यातही एक तरतूद अशी आहे, की जी आपल्या शिबिरांत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत नवरा-बायकोपैकी एकालाच उत्पन्न असलं, तरी देणगीची मर्यादा दोघांची स्वतंत्र धरतात. म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाने देणगी देण्याचा पूर्ण हक्क आहे. घरातल्या पैशात तिचा वाटा आहे, ही गोष्ट निदान या एका कोपऱ्यात कायद्याने मान्य केली. पण याच तरतुदीचा दुसरा उपयोगही तिथे वर्षानुवर्षं होत आला. धनवान गृहस्थ आपल्या नावाने जास्तीत जास्त रकमेचा धनादेश देतात आणि तेवढ्याच रकमेचा दुसरा पत्नीच्या नावाने. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'गृहिणी'. कागदावर बाईची देणगी, निर्णय मात्र नवऱ्याचा. उलट बाजूने, जोडखात्यातून धनादेश गेला तर ज्याची सही त्याची देणगी, असा नियम आहे. दोघांची हवी असेल तर दोघांच्या सह्या लागतात. आता कार्ड कुणाच्या नावाचं, दुकानातलं खातं कुणाचं, पासवर्ड कुणाला माहीत, हा त्याच जुन्या प्रश्नाचा नवा अवतार आहे. घरात एकच खातं आणि ते नवऱ्याच्या नावाचं, अशी घरं तिथेही आहेत आणि इथे तर आहेतच. बटण कुणीही दाबलं तरी नोंद होते ती खातेदाराची.

दुकानाचं बटण यायच्या जवळजवळ वीस वर्षं आधी अमेरिकेतल्या बायकांनी छोट्या देणग्यांची वेगळी वाट काढली होती. १९८५ साली एलेन माल्कम यांनी आपल्या घरी पंचवीसेक मैत्रिणी जमवल्या. प्रत्येकीने आपापल्या ओळखीच्या बायकांचे पत्ते आणले आणि बसून पत्रं लिहिली. यातून 'एमिलीज लिस्ट' ही संघटना उभी राहिली. एमिली हे कुण्या बाईचं नाव नाही. सुरुवातीला मिळालेला पैसा हा कणीक फुगवणाऱ्या खमिरासारखा असतो, या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं आहेत. स्त्रियांना निवडणुकीच्या अगदी आरंभी पैसा मिळत नाही, म्हणून कुणी त्यांना गांभीर्याने घेत नाही, आणि गांभीर्याने घेत नाही म्हणून पैसा मिळत नाही. हे चक्र तोडायचं, तर तिच्या हातात पहिला पैसा बायकांनीच ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. डेमोक्रॅटिक पक्षातल्या आणि गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या स्त्री उमेदवारांनाच पाठिंबा, ही अट. सभासद बाई उमेदवाराच्या नावाने धनादेश लिहायची, संघटना ते सगळे धनादेश एकत्र बांधून उमेदवाराकडे पोहोचवायची. १९८६ साली बार्बरा मिकल्स्की सिनेटवर निवडून आल्या. नवऱ्याची रिकामी झालेली जागा न घेता स्वतःच्या बळावर तिथे पोहोचलेल्या त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या स्त्री होत्या.

एमिलीज लिस्टच्या राजकारणाशी आपलं सगळं जुळेलच असं नाही. ही व्यवस्था एका पक्षाच्या चौकटीतली आहे, आणि धनादेश लिहिण्याची ऐपत असलेल्या बायकांची आहे. पण तिच्या रचनेकडे बघा. पैसा प्रत्येकीने आपल्या नावाने दिला, अटी सगळ्यांनी मिळून ठरवल्या, आणि एकत्र दिल्यामुळे उमेदवाराला कळलं की हा पैसा कुणाचा आहे आणि कशासाठी आहे. निवडून आल्यावर ती बदलली, तर जाब विचारायला एक संघटना होती. २००४ च्या दुकानाच्या पानावर यातलं काय होतं? रक्कम तितकीच छोटी, पण देणारी एकटी. तिला दुसऱ्या देणारीचं नाव माहीत नाही. उमेदवाराला तिचं म्हणणं माहीत नाही. दोघींच्या मध्ये उभा आहे दुकानदार, आणि त्याला मात्र दोघींबद्दलही सगळं माहीत आहे. कोणता साबण, कोणतं औषध, कोणती पुस्तकं आणि आता कोणता उमेदवार.

माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा देण्याची सोय वाढली म्हणून बाईची राजकीय ताकद आपोआप वाढत नाही. वर्गणी देणारी हिशोब मागू शकते. खरेदी करणारी फार तर माल परत करू शकते. देणगीला खरेदीचं रूप आलं, की देणारीही नकळत गिऱ्हाईक होते.

गिऱ्हाइकाला कसं वागवतात ते आपल्याला ठाऊक आहे. एकदा काही घेतलं, की पाठ सोडत नाहीत. २०२० च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने देणगीच्या पानावर एक चौकट आधीच खूण करून ठेवली होती. ती खूण काढली नाही, तर तीच रक्कम पुन्हा पुन्हा, पुढे पुढे दर आठवड्याला, खात्यातून जायची. मजकूर असा मांडलेला, की म्हाताऱ्या माणसांच्या तो ध्यानातही येऊ नये. त्या वर्षात ट्रम्प यांची प्रचारयंत्रणा, त्यांचा पक्ष आणि त्यांची संयुक्त खाती यांना मिळून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणगीदारांना परत करावी लागली, हे पुढे २०२१ साली उघड झालं. आधीच खूण केलेली चौकट दुसऱ्या बाजूच्या काही संघटनाही वापरत होत्या, हेही सांगितलं पाहिजे. मे २०२१ मध्ये तिथल्या निवडणूक आयोगाने एकमताने संसदेला सुचवलं, की अशा चौकटीवर बंदी घाला. आपल्या भाषेत बोलायचं तर प्रश्न संमतीचा आहे. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे आपण बलात्काराच्या कायद्यापासून नसबंदीच्या शिबिरांपर्यंत किती वर्षं सांगत आलो! पैशाच्या व्यवहारात तरी ते वेगळं का असावं?

रागालाही बाजारात भाव असतो. १८ सप्टेंबर २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. त्यांच्या जागी गर्भपातविरोधी न्यायाधीश येणार, या भीतीने आणि संतापाने त्यानंतरच्या सव्वा दिवसात 'अ‍ॅक्टब्लू' या देणगी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर ९ कोटींहून अधिक डॉलर जमा झाले. त्या रागाबद्दल मला आदर आहे. पण त्या मोसमातला बराच पैसा दूरच्या नामवंत लढतींकडे वाहून गेला. केंटकी राज्यात एमी मॅकग्रा यांच्याकडे त्या निवडणुकीत एकूण ९ कोटींहून अधिक डॉलर जमले आणि त्या सुमारे वीस टक्क्यांच्या फरकाने हरल्या. देशभरातून आलेल्या पैशाला केंटकीत मत नव्हतं. तेव्हाच कितीतरी गावांत शाळा समितीसाठी, नगरपालिकेसाठी उभ्या राहिलेल्या बायका होत्या. त्यांना दोनशे डॉलरनेही फरक पडला असता, पण त्यांची नावं दुकानाच्या दर्शनी भागात लावलेली नसतात.

दर्शनी भागात कुणाला ठेवायचं हे दुकानदार ठरवतो, आणि दुकान केव्हा बंद करायचं हेही. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसद भवनावर हल्ला झाल्यानंतर शॉपिफाय या कंपनीने ट्रम्प यांच्याशी संबंधित ऑनलाइन दुकानं बंद केली. त्या हल्ल्याबद्दल आपल्या मनात दुमत नाही. पण एक खाजगी कंपनी एका दिवसात एखाद्या राजकीय प्रवाहाचा गल्ला बंद करू शकते, ही ताकद आपण ओळखून असावं. उद्या ती गर्भपाताचा हक्क मागणाऱ्यांवर किंवा धरणविरोधी आंदोलनावरही चालू शकते.

आता नावाबद्दल. राजकीय पैसा कुठून येतो हे लोकांना कळलंच पाहिजे, ही आपली मागणी आहे आणि ती योग्य आहे. पण त्यातली एक गोम बायकांना विशेष भोवते. देणगी थेट उमेदवाराकडे न जाता अ‍ॅक्टब्लूसारख्या मध्यस्थामार्फत गेली, तर तिथे पाच डॉलरची देणगीसुद्धा नावानिशी नोंदली जाते. नाव, गाव, व्यवसाय, नोकरीचं ठिकाण. ही नोंद कुणालाही बघता येते. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून पळून दुसऱ्या गावी नव्याने उभी राहिलेली बाई पाच डॉलर देते, आणि तिचा ठावठिकाणा सरकारी नोंदीत येऊन बसतो. हे तिला बटणाजवळ कुणी सांगितलेलं असतं का? छुपा पैसा उघडा करण्यासाठी केलेले नियम कोट्यधीशांसाठी होते. पाच डॉलरवालीलाही तेच लागू झाले, आणि कोट्यधीशांनी पळवाटा काढल्या.

छोट्या पैशाने काय होऊ शकतं, याचं एक चांगलं उदाहरणही सांगते. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ल्यूबा ग्रेचेन शर्ली या संसदेच्या निवडणुकीला उभ्या होत्या. दोन लहान मुलं पदरात. प्रचाराला जायचं तर मुलांना कोण बघणार? त्यांनी निवडणूक आयोगाला विचारलं, की प्रचारामुळे करावा लागणारा मुलं सांभाळण्याचा खर्च प्रचाराच्या निधीतून करता येईल का? मे २०१८ मध्ये आयोगाने होकार दिला. उमेदवाराच्या गाडीचा, जेवणावळीचा, भाषणाच्या मंचाचा खर्च हा राजकीय खर्च, हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. पाळणाघराचा खर्चही राजकीय खर्चच आहे, हे सांगायला एक बाई उभी राहावी लागली. कुणीतरी दिलेले पाच-दहा डॉलर तिच्या मुलांच्या दुपारसाठी वापरले जातात, यापेक्षा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत राजकीय पैशाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहिले. एक निवडणूक रोख्यांचा. २०१८ साली आलेल्या या रोख्यांत देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपवलेलं होतं. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे होते, पण जमलेली बहुतेक रक्कम एक कोटीच्या रोख्यांतूनच आली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना रद्द केली, कारण ती मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या आड येत होती. दुसरा प्रवाह मोबाइलवरच्या छोट्या देणग्यांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये भाजपने 'नमो' अ‍ॅपवरून ५ रुपयांपासून देणगी घ्यायला सुरुवात केली. त्याच अ‍ॅपवर टी-शर्ट, मग, टोप्याही विकायला होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने 'डोनेट फॉर देश' मोहीम काढली. पक्षाला १३८ वर्षं झाली म्हणून १३८, १,३८०, १३,८०० अशा रकमा ठेवल्या होत्या. दोन्ही मोठ्या पक्षांना सामान्य माणसाच्या पाच रुपयांची आठवण एकाच काळात झाली, आणि त्याच काळात कोटीची पाकिटंही बंदच राहिली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. पाच रुपये देणारीचा फोन नंबर पक्षाकडे जातो. कोटी देणाऱ्याचं नाव मात्र न्यायालयाने सांगेपर्यंत बाहेर आलं नाही.

आपल्या बायकांनीही ही वाट वापरून पाहिली आहे. सोळा वर्षं उपोषण करून इरोम शर्मिला २०१७ साली मणिपूरच्या विधानसभेसाठी थेट मुख्यमंत्र्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांच्या नव्या पक्षासाठी इंटरनेटवरून दहा दहा रुपये मागितले गेले. देशभरच्या लोकांनी कौतुक केलं, पैसेही दिले. थौबल मतदारसंघात त्यांना ९० मतं पडली. हा आकडा वाचताना आजही गलबलून येतं. लांबून पाठवलेली सहानुभूती आणि मतदारसंघात घरोघरी केलेलं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आतिशी यांनी कालकाजीच्या लढतीसाठी ऑनलाइन ४० लाख रुपयांचं आवाहन केलं, आणि त्या निवडून आल्या. पण त्या तिथल्याच आमदार होत्या आणि मागे पक्ष उभा होता. विधानसभेच्या उमेदवारासाठी मोठ्या राज्यांत खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे आणि लोकसभेसाठी ९५ लाखांची, २०२२ पासून. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं कुणी म्हणू शकेल का?

परदेशातल्या मैत्रिणींसाठी नियमही स्पष्ट सांगते, कारण अज्ञानापोटी अडचणीत येणारी बाईच असते. अमेरिकेत नागरिक आणि ग्रीन कार्ड असलेलीच व्यक्ती निवडणुकीसाठी देणगी देऊ शकते. एच-१बी वर नोकरी करणारीला किंवा एच-४ वर नवऱ्याबरोबर गेलेलीला ती देता येत नाही. दुकानाचं खातं आहे, कार्ड चालतं, बटण समोर दिसतं, म्हणून हक्क आहे असं नाही. भारतातल्या पक्षाला किंवा उमेदवाराला द्यायचं असेल, तर भारतीय पासपोर्ट असलेली बाई परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकते. परदेशी नागरिकत्व घेतलेलीला मनाई आहे, मग ती कितीही मनाने मराठी असो.

छोट्या पैशाचं राजकारण महाराष्ट्राला नवं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवले गेले, तेव्हा सभांमधून बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. दिले ते मनापासून. पण तो पैसा कुठे लावायचा हे ठरवणाऱ्या बैठकांत त्यातल्या किती होत्या? बाईचं देणं त्याग म्हणून गौरवायचं आणि तिचा हिशोब मागण्याचा हक्क मात्र विसरायचा, ही आपली जुनी सवय आहे. बटणाने ती मोडलेली नाही, उलट सोपी केली आहे.

आणि प्रश्न आपल्या अगदी दारातला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. जागा राखीव झाली, तरी प्रचाराचा खर्च राखीव होत नाही. अर्ज बाईचा आणि पैसा नवऱ्याचा, दिराचा किंवा ठेकेदाराचा असेल, तर निवडून आल्यावर सही तिची आणि हुकूम त्यांचा, हे आपण ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत बघतो. तिच्या हातातला पहिला पैसा कुणाचा आहे, यावर तिची पुढची पाच वर्षं ठरतात.

म्हणून माझी सूचना अशी. ऑनलाइन देऊ नका, असं मी म्हणत नाही. पण आपल्या गटांनी देण्याआधी काही प्रश्न विचारण्याची सवय लावावी. पैसे कुणाच्या खात्यातून आणि कुणाच्या नावाने जाणार? मधला दुकानदार किती कापून घेतो, आणि माझी कोणती माहिती ठेवून घेतो? माझं नाव कुठे छापलं जाणार? ही रक्कम एकदाच जाणार की दर महिन्याला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खर्चाचा हिशोब मला कोण दाखवणार? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर ती देणगी नाही, नुसती खरेदी आहे.

दुसरी सूचना थोडी मोठी आहे. येत्या निवडणुकीत आपल्या भागातून आपल्या विचाराची बाई उभी राहत असेल, तर गटाने तिच्यासाठी एकत्र बसावं. प्रत्येकीने स्वतःच्या नावाने, झेपेल तेवढं द्यावं. मोबाइलवरून द्या किंवा बँकेत जाऊन भरा, पण तिच्या निवडणुकीच्या खात्यातच द्या आणि पावती घ्या. आधी अटी लिहून काढाव्यात: दारूबंदी, रेशन, पाळणाघर, हिंसाचाराच्या केसेसमध्ये ती काय करणार. तिच्या मुलांना सांभाळायला आणि तिच्या घरचा स्वयंपाक करायला कोण जाणार, हेही ठरवावं, कारण तोही प्रचाराचाच खर्च आहे. निवडणुकीनंतर, ती जिंको वा हरो, सगळ्यांसमोर हिशोबाची बैठक व्हावी. रक्कम छोटी असेल. पण त्या पैशामागे नावं असतील, चेहरे असतील, आणि प्रश्न विचारण्याचा हक्क असेल.

ज्या गटांनी असा प्रयोग आधी केला आहे, त्यांनी तो कसा पार पडला ते आम्हाला जरूर कळवावं, फसला असेल तरीही. परदेशातल्या मैत्रिणींनीही आपले अनुभव लिहावेत. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.